मनगटावरचा कॅडी : माहिती किती, सल्ला किती?

विशेष प्रतिनिधी

अमेरिकेतील ‘पीजीए टूर’ या व्यावसायिक गोल्फच्या मालिकेने २०२५ मध्ये एक प्रयोग केला. एप्रिलमधील मास्टर्स स्पर्धा आटोपल्यानंतर आणि मे महिन्यातील पीजीए चॅम्पियनशिप सुरू होण्यापूर्वी झालेल्या आपल्या काही स्पर्धांत खेळाडूंना अंतरमापक यंत्रे वापरण्याची मुभा देण्यात आली. हौशी खेळाडूंच्या हातात रविवारी सकाळी सर्रास दिसणारे हे साधन जगातील अव्वल खेळाडूंना तोपर्यंत या मालिकेच्या स्पर्धांमध्ये वर्ज्य होते. सराव फेरीत वापरा, स्पर्धा सुरू झाली की पिशवीत ठेवा, असा खाक्या होता.

प्रयोगाचे तात्कालिक कारण होते रेंगाळणारा खेळ. जानेवारी २०२५ मध्ये टोरी पाइन्स येथील स्पर्धेत अखेरच्या दिवशी शेवटच्या गटाला अठरा होल पूर्ण करण्यास सुमारे साडेपाच तास लागले. सीबीएस वाहिनीवर समालोचन करणाऱ्या डॉटी पेपर या माजी खेळाडूने, सहखेळाडू, प्रेक्षक आणि प्रक्षेपण यांच्याविषयी आदर उरला आहे की नाही, असा मुद्दा थेट प्रक्षेपणात उपस्थित केला. त्यानंतर वेळ वाचविण्याचे जे उपाय पुढे आले, त्यांत अंतरमापक यंत्रांचा हा प्रयोग होता.

यंत्र आल्याने खेळ वेगवान होतो किंवा कसे, यावर खेळाडूंत एकमत नाही. २०२१ मध्ये कियावा आयलंड येथील पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयोजकांनी हीच मुभा दिली होती. पन्नाशीतील फिल मिकेल्सनने जिंकलेली आणि त्याला सर्वांत वयस्क ‘मेजर’ विजेता ठरविणारी हीच ती स्पर्धा. चेंडू फेअरवेवर असेल तर बहुतेकांच्या हातातील वही आणि यंत्र एकच आकडा सांगते. मग दोन्ही पाहून खात्री करण्यातच वेळ जातो. चेंडू भलत्याच फेअरवेवर, झाडांमागे गेला तर मात्र यंत्र कॅडीची पायपीट निश्चितच वाचविते. थोडक्यात, फायदा होतो तो वाट चुकलेल्याचा. आणि वाट चुकणे हा तर हौशी खेळाडूचा स्थायीभाव! चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लबवर किंवा पुण्यात येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर खेळणाऱ्याला जीपीएस घड्याळ घ्यावेसे वाटते ते यामुळेच. मात्र ते घेताना दुकानात जे प्रश्न विचारले जातात, ते बहुधा चुकीचे असतात. पडदा केवढा, रंगीत आहे का, मैदाने किती, याची चौकशी होते. घड्याळ आपल्याला माहिती देणार आहे की सल्ला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गोल्फचे नियम आज उभे आहेत ते नेमके या भेदावर.

नियमांचा इतिहास फार जुना नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेतील ‘यूएसजीए’ या दोन संस्था जगाचे गोल्फ-नियम ठरवितात. २००६ पूर्वी फेरीत अंतरमापक यंत्र वापरणे नियमबाह्य होते. त्या वर्षीपासून स्थानिक नियम करून क्लबला किंवा स्पर्धा समितीला ते वापरू देण्याची सोय झाली. १ जानेवारी २०१९ रोजी अमलात आलेल्या नव्या नियमावलीने हे सूत्र उलटे केले. आता नियम ४.३ नुसार अंतर मोजणे मुळातच वैध आहे. ज्या समितीला ते नको असेल तिने तसा स्थानिक नियम करावा.

अंतर म्हणजे केवळ सरळ रेषेतील अंतर. चेंडूपासून ग्रीनपर्यंतचा चढ वा उतार यंत्राने मोजणे वैध नाही. मैदानावर वाऱ्याचा वेग यंत्राने मोजता येत नाही; हवामान खात्याच्या अंदाजात दिलेला वेग पाहिला तर हरकत नाही. चेंडू कोठे आहे हे ओळखून ‘येथून अमुक क्लब वापरा’ किंवा ‘या दिशेने मारा’ असे यंत्राने सुचविणेही निषिद्ध आहे. आणखी एक तरतूद अनेकांच्या गावीही नसते. घड्याळाने फेरीदरम्यान नोंदविलेले हृदयाचे ठोके नंतर पाहण्यासाठी साठवून ठेवता येतात, पण खेळत असताना त्या नोंदीचा उपयोग करता येत नाही. छाती धडधडते आहे हे घड्याळात पाहून दोन श्वास जास्त घेतले, तर काटेकोर अर्थाने तोही भंगच. पहिल्या उल्लंघनाला स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड, मॅच प्लेमध्ये तो होल गमावणे. दुसऱ्यांदा घडल्यास खेळाडू थेट बाद.

पूर्वी चढउतार मोजण्याची सोय यंत्रात नुसती असली तरी ते स्पर्धेत अवैध ठरे. २०१६ पासून ही सोय बंद ठेवली असेल तर यंत्र चालते. ही सवलत व्यवहार्य होती; पण कंपन्यांना तिने मोकळे रान दिले, हेही नाकारता येणार नाही. त्यानंतर बाजारात जी महागडी घड्याळे आली, त्यांची सारी जाहिरात या बंद ठेवायच्या सोयींचीच आहे. गार्मिन या कंपनीचे उदाहरण घ्या. तिचे ‘अ‍ॅप्रोच एस १२’ हे साधे घड्याळ अमेरिकेत सुमारे २०० डॉलरला विक्रीस आले. त्यात ग्रीनच्या पुढच्या कडेचे, मध्याचे आणि मागच्या कडेचे अंतर दिसते. २०२३ मध्ये आलेल्या ‘एस ७०’ची किंमत ६५० डॉलरपासून पुढे होती. त्यात चकचकीत रंगीत पडदा, चढउतार जमेस धरून काढलेले अंतर आणि क्लब सुचविणारा ‘व्हर्च्युअल कॅडी’ आहे. साडेचारशे डॉलरच्या या फरकाचा मोठा भाग क्लबच्या मासिक मेडल स्पर्धेत बंद करून ठेवावा लागतो. ग्राहकाने हा हिशेब आधी करावा. मित्रांबरोबर गंमत म्हणून खेळणाऱ्याला तो लागू नाही. त्याने काय वाटेल ते चालू ठेवावे.

जुन्या मंडळींना या साऱ्या प्रकारात खेळाचा ऱ्हास दिसतो. त्यांचा आक्षेप असा की, अंतराचा अंदाज बांधणे हे गोल्फमधील एक कौशल्य आहे आणि ते यंत्राच्या हवाली केले की खेळाचा एक अवयवच गळून पडतो. आक्षेप निराधार नाही, पण तो नवाही नाही. १९६१ मध्ये पेबल बीच येथे झालेल्या अमेरिकी हौशी स्पर्धेच्या वेळी डीन बेमन याने जॅक निकलॉसला मैदान पावलांनी मोजून अंतरे लिहून ठेवण्याचा सल्ला दिला. निकलॉसने तो मानला, स्पर्धा जिंकली आणि ही सवय कारकीर्दभर सोडली नाही. पुढे यार्डांच्या छापील वह्या आल्या आणि प्रत्येक व्यावसायिक खेळाडूच्या मागच्या खिशात जाऊन बसल्या. म्हणजे डोळ्यांनी अंतर ठरविण्याचे युग उपग्रहांनी नव्हे, वहीने आणि पेन्सिलीने संपविले. सल्ला देणारा बेमन १९७४ मध्ये याच पीजीए टूरचा आयुक्त झाला, हा योगायोग मोठा बोलका आहे.

माहितीची भूक वाढली तसे नियमकर्त्यांनी मात्र एका ठिकाणी पाऊल मागे घेतले, तेही नोंदवायला हवे. ग्रीनवरचा सूक्ष्म उतार दाखविणाऱ्या नकाशांच्या वह्यांमुळे पटिंगची कला लोप पावते आहे, अशी ओरड झाली. २०१९ पासून अशा नकाशांच्या प्रमाणावर मर्यादा आली, पाच यार्डांना तीन अष्टमांश इंच. घड्याळाच्या वा फोनच्या पडद्यावरील नकाशालाही ती लागू आहे. २०२२ पासून पीजीए टूरने अशा वह्या जवळपास हद्दपार केल्या. इकडे घड्याळ कंपन्या हौशी खेळाडूंना ग्रीनचा उतार दाखविणारे नकाशे वर्गणी घेऊन विकत आहेत. व्यावसायिकांच्या हातातून जे काढून घेतले, ते हौशी खेळाडूंच्या मनगटावर पोहोचविण्याचा हा व्यापार आहे. त्यात गैर काही नाही. फक्त आपण कशाचे पैसे मोजतो आहोत, हे ठाऊक असावे.

आता अचूकतेविषयी. जीपीएस ही अमेरिकी लष्कराची यंत्रणा. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे तिचे उपग्रह वेळेचे संकेत पाठवितात आणि ते पोहोचण्यास लागलेल्या कालावधीवरून घड्याळ आपले स्थान काढते. प्रकाशाच्या वेगाने येणारा हा संकेत एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, तीस सेंटिमीटर अंतर कापतो. त्यावरून मोजमापाच्या नाजूकपणाची कल्पना यावी. २००० सालापर्यंत नागरी वापरासाठीच्या संकेतात मुद्दाम खोट घातलेली असे आणि चूक शंभर मीटरपर्यंत जाऊ शके. त्या वर्षीच्या मे महिन्यात अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ती काढून टाकण्यात आली. गोल्फच्या घड्याळांचा सारा धंदा त्या एका आदेशावर उभा आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये. शंभर मीटरची चूक म्हणजे शेजारच्या होलचे ग्रीन!

मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक आज सुमारे पाच मीटरच्या आत असते, असे अमेरिकी शासनाची जीपीएसविषयक माहितीच सांगते. घड्याळाचे चित्र फारसे वेगळे नाही. पडद्यावर मात्र ‘१४७’ असा तोऱ्यात आकडा उमटतो. तो १४२ असेल किंवा १५२. याने बिघडते का? फारसे नाही. लागोपाठच्या दोन क्लबमधील फरक दहा ते पंधरा यार्डांचा असतो आणि सामान्य हौशी खेळाडूचा तोच क्लब, तोच फटका तेवढ्याच अंतराने कमीजास्त पडतो. घड्याळाची चूक आपल्या चुकीत बेमालूम विरघळून जाते. एक यार्ड अचूकतेचा दावा करणाऱ्या विक्रेत्याला म्हणूनच नम्रपणे हसून पुढच्या मुद्द्याकडे वळावे.

पुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. जीपीएसला आजचा झेंडा कोठे आहे हे माहीत नसते. ग्रीनवरील होलची जागा वरचेवर बदलली जाते. घड्याळाकडे असतो तो ग्रीनचा नकाशा. ग्रीन पुढून मागे तीस यार्ड खोल असेल, तर मध्याचे अंतर पाहून मारणारा खेळाडू झेंड्यापासून पंधरा यार्ड चुकू शकतो, म्हणजे पुरता एक क्लब. काही घड्याळांत बोटाने झेंडा हलविता येतो, परंतु तोही शेवटी अंदाजच. झेंड्याचे नेमके अंतर हवे असेल तर लेझरचे यंत्र लागते. ते झेंड्यावर रोखावे लागते, हात स्थिर हवा, आणि मागे झाड असेल तर ते बिनदिक्कत झाडाचेच अंतर सांगते. होल वळणाचा असेल आणि ग्रीन दिसतच नसेल, तर लेझर निरुपयोगी. तेथे घड्याळच उपयोगी पडते. मधल्या बंकरच्या किंवा पाण्याच्या पलीकडे पोहोचायला किती हवे, हेही घड्याळच चांगले सांगते. आपल्याकडील हौशी खेळाडूंचे फटके बहुतेक वेळा झेंड्याच्या अलीकडे पडतात, पलीकडे क्वचित. त्यामुळे पुढची आणि मागची कड हे दोन आकडे एका दृष्टिक्षेपात, भर उन्हात, चष्म्याशिवाय दिसणे ही या घड्याळाची पहिली कसोटी समजावी. रंगीत पडदा त्यानंतर.

आपल्या हवेचे आणि भूगोलाचेही काही प्रश्न आहेत. पावसाळ्यात मुंबई-पुण्यात खेळणाऱ्याच्या ओल्या बोटांना स्पर्शपडदा दाद देत नाही. बटणांचे घड्याळ तेथे कामाला येते. अठरा होलची फेरी चार ते पाच तासांची. केवळ गोल्फसाठी बनविलेले साधे घड्याळ जीपीएस सुरू ठेवून तीस तासांपर्यंत चालते, असा कंपनीचा दावा असतो. फोनच्या जोडीने वापरायच्या सर्वसाधारण स्मार्ट घड्याळात गोल्फचे अ‍ॅप घातले, तर संध्याकाळपर्यंत ते मान टाकण्याची शक्यता अधिक. एकच घड्याळ ऑफिसात, धावताना आणि गोल्फला वापरणाऱ्याने तडजोड करावी. नाही तर चार्जर बरोबर बाळगावा.

उंचीचा प्रश्न गमतीचा आहे. उंचावर हवा विरळ, म्हणून चेंडू लांब जातो. दर हजार फुटांना एक ते दोन टक्के असा ढोबळ हिशेब मांडला जातो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे फूट उंच आहे. चेंबूरमध्ये दीडशे यार्ड जाणारा क्लब येरवड्यात तीन ते पाच यार्ड पुढे जायला हवा. घड्याळाने आडव्या अंतराचा अचूक आकडा दिला तरी हा फरक त्यात नसतो. तो खेळाडूने जमेस धरायचा. आणि हो, घड्याळ यार्डांवर लावले आहे की मीटरवर, हे पहिल्या टीवरच तपासावे. दीडशे मीटर म्हणजे एकशे चौसष्ट यार्ड. मैदानावरील खुणा एका मापात आणि घड्याळ दुसऱ्या मापात असेल, तर उपग्रहही वाचवू शकत नाहीत.

घड्याळ कितीही चांगले असो, त्यातील नकाशा जुना असेल तर सारे फोल. गार्मिन आपल्याकडे जगभरातील ४३ हजारांहून अधिक मैदानांचे नकाशे असल्याचे सांगते. संख्या डोळे दिपविणारी आहे. पण खेळणाऱ्याला हवी असतात तीन-चार मैदाने, तीही अद्ययावत. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी मैदानाची गॅरी प्लेअरच्या संस्थेने पुनर्रचना केली आणि २०१९ मध्ये ते पुन्हा खुले झाले. असे मोठे काम झाले की ग्रीनची जागा व आकार बदलतो. नकाशा सुधारला नाही, तर घड्याळ पूर्ण आत्मविश्वासाने जुन्या ग्रीनचे अंतर सांगत राहते.

येथे एक शासकीय धोरणही आडवे येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांविषयीची बंधने मोठ्या प्रमाणावर सैल केली. तथापि आडव्या मापात एक मीटर आणि उंचीत तीन मीटर यांहून सूक्ष्म असा नकाशा तयार करण्याची मोकळीक भारतीय संस्थांनाच आहे. परदेशी कंपन्यांना तो भारतीय संस्थांकडून परवान्याने, आपल्या भारतीय ग्राहकांना सेवा देण्यापुरताच वापरता येतो. ग्रीनवरचा उतार तर सेंटिमीटरांचा मामला. तेव्हा अमेरिकेतील जाहिरातीत दिसणारी ग्रीनच्या उताराची रंगीत चित्रे आपल्या मैदानासाठी मिळतीलच, असे गृहीत धरून वर्गणी भरू नये. आधी आपल्या मैदानाचे नाव कंपनीच्या यादीत शोधावे आणि कोणत्या सोयींसह ते आहे, हे पाहावे. भारतात अनेक मैदाने लष्कराच्या जमिनीवर आहेत, हाही मुद्दा आहेच. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्ट्रावा’ या व्यायामाच्या अ‍ॅपने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशातून अनेक देशांच्या लष्करी तळांवरील जवानांच्या धावण्याच्या वाटा उघड झाल्या होत्या. लष्करी परिसरात घड्याळाने आपोआप माहिती पाठवू नये, ही खबरदारी घेण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.

भारताची स्वतःची ‘नाविक’ यंत्रणा या घड्याळांत का नाही, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. तिचे आरंभीचे उपग्रह ज्या लहरींवर काम करीत, त्या टिपणाऱ्या चिप सामान्य घड्याळांत नसत. मे २०२३ मध्ये सोडलेल्या ‘एनव्हीएस-०१’पासून इस्रोने घड्याळे व फोन यांना सोयीची ‘एल-१’ ही लहर त्यात आणली. जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोटाहून झालेल्या शंभराव्या प्रक्षेपणातील ‘एनव्हीएस-०२’ मात्र अपेक्षित कक्षेत पोहोचू शकला नाही. खेळाडूच्या दृष्टीने तूर्त एवढेच पाहावे की, घड्याळ जीपीएसबरोबर युरोपची गॅलिलिओ किंवा रशियाची ग्लोनास अशी दुसरी यंत्रणाही वापरते. जितके उपग्रह अधिक, तितका झाडांच्या दाटीत किंवा खारघरसारख्या डोंगरांच्या कुशीतील मैदानावर गोंधळ कमी.

काही घड्याळे प्रत्येक फटका आपोआप नोंदवितात. क्लबच्या मुठीला लहान टॅग लावायचे आणि खेळायचे. चार-सहा महिन्यांत आपला सात नंबरचा आयर्न खरोखर किती जातो, हे कळते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते सगळ्या महागड्या सोयींत पैसे वसूल करणारी सोय ही एकच. ती नियमातही बसते, कारण आधीच्या फेऱ्यांतील माहिती वापरण्यास बंदी नाही. चालू फेरीतील माहितीचे विश्लेषण खेळताना करायचे नाही, एवढेच. बहुतेकांना आपला क्लब जितका जातो असे वाटते, त्याहून तो कमी जातो. हे कटू सत्य सांगणारे यंत्र पदरचे पैसे देऊन घेणे धैर्याचेच म्हणायचे. पण ही नोंद राहते कंपनीच्या सर्व्हरवर. २३ जुलै २०२० रोजी गार्मिनवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला आणि तिच्या सेवा काही दिवस ठप्प होत्या. घड्याळ चालू, अंतर दिसते, पण जुनी आकडेवारी दिसत नाही, अशी तेव्हा ग्राहकांची स्थिती होती. वर्गणी बंद केल्यावर आपली नोंद आपल्याला उतरवून घेता येते का, हे विकत घेण्याआधी विचारलेले बरे. स्कॉटलंडची ‘शॉट स्कोप’ ही कंपनी फटक्यांच्या नोंदीसाठी वर्गणी आकारत नाही; स्पर्धा आहे तोवर ग्राहकाला असा पर्याय राहील.

एवढ्या साऱ्या चर्चेत ज्याच्या नावाने हा व्यापार चालतो, तो कॅडी कोठे आहे? पाश्चात्त्य देशांत सामान्य खेळाडू स्वतःच पिशवी ओढतो किंवा गाडीतून हिंडतो; तेथे घड्याळाने कोणाची जागा घेतली नाही, रिकामी जागा भरली. आपल्याकडील क्लबांत अजूनही कॅडी असतात आणि काही ठिकाणी चेंडू कोठे पडतो ते पाहण्यासाठी पुढे उभा राहणारा ‘आगेवाला’ही असतो. कॅडीच्या कामाचे दोन भाग आहेत. अंतर सांगणे हा सोपा भाग. पावसाने ओले झालेले ग्रीन आज चेंडू थांबवील की पळवील, समुद्रावरून येणारा वारा झाडांच्या शेंड्यांवर कसा फिरतो, आणि साहेबांना काल रात्री झोप नीट लागलेली नाही तेव्हा पाण्यावरून मारू नये, हे सांगणे हा दुसरा. नियमांनी यंत्राला मनाई केलेला सल्ला कॅडीला मात्र पूर्ण मोकळा आहे. क्लब कोणता घ्यावा, उतार कोणीकडे आहे, हे खेळाडूने कॅडीला खुशाल विचारावे. म्हणजे नियमांच्या दृष्टीने ‘व्हर्च्युअल कॅडी’ अवैध आणि खराखुरा कॅडी वैध आहे.

या ज्ञानाची किंमत भारतीय गोल्फला ठाऊक असायला हवी. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ आणि १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकली. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या अखेरच्या फेरीत अदिती अशोक एका फटक्याने पदकापासून दूर राहिली आणि चौथी आली. गोल्फचा गंध नसलेल्या लाखो घरांत त्या शनिवारी सकाळी दूरचित्रवाणी संच लागले होते. तिची पिशवी तिच्या आईने उचलली होती. २०१६ मध्ये रिओत ती वडिलांनी उचलली होती. लांब फटके ही अदितीची ताकद नव्हे. अंतराची कसर तिने ग्रीनजवळच्या अचूकपणाने आणि पटरने भरून काढली.

धोका असा की, अंतर घड्याळ सांगते तर कॅडी फक्त पिशवी उचलण्यापुरता, असा हिशेब क्लबांनी आणि सभासदांनी केला, तर त्याचा मोबदलाही हमालीच्या दराने ठरू लागेल. बॅटरीवर चालणारी गाडी आणि मनगटावरचे घड्याळ एकत्र आले की हा हिशेब सोपा होतो. कॅडींना नियमांचे आणि या यंत्रांचे रीतसर प्रशिक्षण देणे क्लबांना जड नाही. सभासदाच्या घड्याळातील चढउताराची सोय चालू राहिली आहे, हे पहिल्या टीवर लक्षात आणून देणारा कॅडी त्याचे दोन फटके वाचवितो.

घड्याळ घ्यायचेच असेल, तर दुकानातील प्रात्यक्षिकावर विसंबू नये; तेथे छत असते आणि उपग्रह दिसत नाहीत. एखाद्या सहखेळाडूचे घड्याळ एका फेरीपुरते मागून घ्यावे. दीडशे यार्डांच्या खुणेशी उभे राहून आकडा जुळतो का ते पाहावे, झाडांखाली पुन्हा पाहावे, आणि कॅडीलाही त्याचा आकडा आधी सांगायला लावावा. स्पर्धेच्या दिवशी सूचनाफलकावर स्थानिक नियम वाचावेत. जी-५ हा नियम लागू केला असेल, तर अंतर मोजणारे कोणतेही यंत्र त्या दिवशी चालत नाही, मग ते दोनशे डॉलरचे असो की सातशेचे.